बिनशेंदराचा जोड

इंदूरच्या सुदामा नगरात राहायला आलो तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. सकाळी दूध आणायला निघालो की कोणी ना कोणी फाटकाशी अडवतो. "मिस्त्रीजी, गीझरचा तो पितळी जोड टपकतोय. टेप लावू का पेस्ट लावू?" मी सांगतो, काही लावू नका. उघडा, पुसा, आतली कडी नीट बसवा आणि नट आवळा. समोरचा माणूस मान हलवतो आणि हसतो. म्हाताऱ्याचं टाळकं सरकलंय, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतं. मग तो बाजारात जाऊन टेप आणि पेस्ट दोन्ही आणतो, दोन्ही थापतो, आणि थोड्या दिवसांनी परत फाटकाशी हजर. "भिया, टेपच नकली निघाली."

या अंकाच्या संपादकांनी मला उभ्या आयुष्याचे अनुभव लिहायला सांगितले आहेत. उभं आयुष्य मी बहुतेक आडवं पडून काढलं, लोकांच्या ओट्यांखाली आणि टाक्यांमागे, त्यामुळे तारीखवार काही आठवत नाही. कोणत्या साली लायसन मिळालं, कोणत्या साली पाठ धरली, ते राहू द्या. हा टेप-पेस्टचा किस्सा तेवढा सांगतो, कारण तो टेप जन्माला यायच्या आधीपासून चालू आहे.

ज्यांना नळाचं फक्त तोंड माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं शिक्षण. नळाचे जोड दोन जातींचे. एक लोखंडी नळाचा. टोकाला आटे पाडायचे आणि पिळून बसवायचे. आटे कितीही सुबक पाडले तरी बारीक फट राहते, म्हणून तिथे तागाचं सूत गुंडाळतात आणि वरून जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर फासतात. बरोबर आहे, फासा. दुसरा जोड तांब्याच्या नळाचा. त्याच्या नटालाही आटे असतात, पण ते पाणी अडवायला नसतातच. नळावर एक पितळी कडी चढवायची, मागून नट आवळायचा. नट कडीला रेटतो, कडी नळाला चावते आणि पुढच्या उतरत्या तोंडात जाऊन बसते. पाणी अडतं ते तिथेच. आट्यांपर्यंत ते येतच नाही. आता या आट्यांवर तुम्ही सूत गुंडाळलंत तर नट पुरता फिरत नाही, कडी ढिली राहते आणि जोड गळतो. गळू नये म्हणून लावलं त्यानंच गळतो. इतकी सरळ गोष्ट आहे, पण ती इंदुरात कोणाला पटवून दाखवा.

मी सांगतोय तो काळ मध्य भारत राज्याचा, स्वातंत्र्यानंतर लगेचचा. होळकरांचं राज्य नुकतंच त्यात विरघळलं होतं आणि आमच्यासारख्या घरांना आता आपण नक्की कोण, हे कळेनासं झालं होतं. आजोबा होळकरांच्या पागेत स्वार. वडील दरबाराच्या कुठल्याशा खात्यात, अर्धे कारकून आणि अर्धे नुसतेच रुबाब. मी हातात पाना घेतला त्या दिवशी घरात सुतक धरल्यासारखं वातावरण होतं. "स्वाराचा नातू लोकांच्या मोऱ्या साफ करणार," असं वडील आल्यागेल्याला सांगायचे. मोरी आणि नळ यांतला फरक आमच्या कुळाला शेवटपर्यंत कळला नाही.

त्या वेळी नळवाल्यांचे गावात दोन पंथ होते, सूतवाले आणि शेंदूरवाले. सूतवाल्यांचे मुखिया गंगाराम उस्ताद, जुन्या इंदूरचे. हे माझे गुरू. शेंदूरवाल्यांचे छोटेलाल, छावणीचे. गंगाराम म्हणायचे, "शेंदूर वो पोतते हैं जिनको आटे पाड़ना नी आता." छोटेलाल म्हणायचे, "सूत लपेटना जुलाहे का काम है भिया, अपन तो मिस्त्री हैं." दोघं एकमेकांच्या लग्नकार्यात पोटभर जेवत, पण दुसऱ्यानं जोडलेल्या नळाचं पाणी पीत नसत. एका अर्थी शहाणपणच होतं ते. शेंदूर म्हणजे शिशाची राख, पोटात गेला तर विष. अर्ध्या इंदुरानं तो नळातून प्यायला आणि आम्हीच तो पाजला, याचं आता वाईट वाटतं. तेव्हा ठाऊकही नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं.

गिऱ्हाइकंही तशीच. खजरान्याला एक शास्त्रीबुवा होते, त्यांना देवाच्या पाण्यासाठी नळ हवा होता पण सोवळ्यातला. चामड्याचा वायसर चालणार नाही, हे मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेंदूर गणपतीला चालतो, म्हणजे नळालाही चालेल. पण हे जवसाचं तेल कोणाच्या घाण्याचं, कोणाच्या हातचं, कोण जाणे. तू शेंदूर तुपात कालव." कालवला. घरचं कढीव तूप, वास काय सुटला होता, मला तर पोळी आठवली. वैशाखात तूप पातळ होऊन भिंतीवरून उतरलं आणि सगळ्या वस्तीतल्या मुंग्या नळावर यात्रेला आल्या. मी बघायला गेलो तर शास्त्रीबुवा प्रसन्न होते. मुंग्यांना साखर घालण्याचं पुण्य परस्पर पदरात पडतंय, असं त्यांचं म्हणणं. नळ गळत होता त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते गोदाकाकूंचं. गोदाकाकू रामबागेत राहायच्या. आमच्या आईच्या मैत्रीण, म्हणून काकू. त्यांचे यजमान लिलावांचे मोठे शौकीन. इंग्रज साहेब लोक रेसिडेन्सीतले बंगले सोडून गेले तेव्हा त्यांचं सामान लिलावात निघालं. काकांनी त्यातून एका अख्ख्या न्हाणीघराचे तांब्याचे नळ उचलले, जोडांसकट आणि नव्याकोऱ्या पितळी कड्यांच्या पुडीसकट. घरी आणले आणि पलंगाखाली ठेवून दिले. येईल त्याला पलंगाखाली वाकायला लावून दाखवायचे. "साहेबाचा माल आहे, असा आता होणे नाही." काकू तोवर गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरून हंडे वाहायच्या. नळ बसवून घ्या, असं त्या एकदा म्हणाल्या तर काकांनी विचारलं, "मग दाखवू काय लोकांना?" तरी आख्खी आळी म्हणायची, गोदेनं नशीब काढलं. घरात साहेबाच्या बंगल्यातल्या वस्तू आहेत.

काका गेले. मागे काकू, ते घर, आणि पलंगाखालचं तांबं. उज्जैनहून धाकटे दीर विनायकराव आले. त्यांच्या घरी स्वयंपाकीण टिकत नव्हती. एक तर अर्ध्या पोळ्या लाटून, लाटणं टाकून निघून गेली होती. त्याच सुमारास विनायकरावांना वहिनीची फार काळजी वाटायला लागली. "एकट्या बाईनं राहायचं म्हणजे," असं ते म्हणायचे आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचे. घर विकून वहिनींनी उज्जैनला यावं, असा त्यांचा आग्रह होता.

काकूंच्या मनात वेगळंच होतं. मध्य भारत सरकारचा तमाशा तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगतो. ग्वाल्हेर आणि इंदूर दोघांनाही राजधानी हवी होती, म्हणून तोड अशी निघाली की हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. लग्नाच्या वऱ्हाडासारखा सगळा लवाजमा रेल्वेनं यायचा, मंत्री, फायली, टाइपरायटर, चपराशी. फाईल या गावी आली की अर्जदार त्या गावी अडकलेला असायचा. त्या लवाजम्याबरोबर ग्वाल्हेरचे मराठी बाबू यायचे आणि त्यांना राहायला खोल्या लागायच्या. काकूंनी पुढच्या खोल्या सारवून ठेवल्या. एक बाबू आधी येऊन जागा बघून गेले, काकूंच्या हातची आमटी जेवले, आणि म्हणाले, "बाई, सगळं उत्तम आहे. पण नळ चालू असेल तरच. विहिरीवर आंघोळ करायला आम्ही काही पैलवान नाही."

म्हणजे हिशेब सरळ होता. दफ्तर इंदूरला यायच्या आत म्युनिसिपालटीच्या इन्स्पेक्टरनं नळ पास केला तर काकू आपल्या घरात आपल्या चुलीपुढे राहणार. नाही तर उज्जैनला दिराच्या चुलीपुढे, जन्मभर. विनायकराव त्या दिवसांत रामबागेतच मुक्काम ठोकून होते, मदतीला म्हणून. मदत म्हणजे पाटावर बसून, "जमेलसं दिसत नाही," असं म्हणायचं.

लोखंडी नळ तेव्हा कंट्रोलमध्ये, ओळखीशिवाय मिळायचा नाही. काकूंनी पलंगाखालचं तांबं बाहेर काढलं आणि गंगाराम उस्तादांना बोलावलं. उस्तादांनी त्यातल्या कड्या हातात घेऊन खालीवर बघितल्या, "ये अंग्रेजों के चोंचले हैं" म्हणाले, आणि प्रत्येक जोडावर भरपूर सूत चढवलं. इन्स्पेक्टर येणार होता म्हणून तत्त्व बाजूला ठेवून वर थोडा शेंदूरही लावला. त्या भागाचे इन्स्पेक्टर साहेब रस्त्यावरचा कॉक उघडायची लांब लोखंडी चावी भाल्यासारखी घेऊन फिरायचे. काम पास झालं की स्वतःच्या हातानं कॉक उघडायचे. त्यांनी न्हाणीघराच्या दारातूनच बघितलं, नटांच्या कडेनं लाल दिसलं, "बढ़िया" म्हणाले, आणि बाहेर जाऊन कॉक उघडला. पहिल्याच जोडातून जी पिचकारी उडाली ती विनायकरावांच्या धोतरावर. कॉक बंद.

मग छोटेलाल आले. त्यांनी सूत उपटून फेकलं आणि डब्यातला शेंदूर बोटाबोटानं भरला, कडीवर, आट्यांवर, नळावर, भिंतीवरही. इन्स्पेक्टर साहेब परत आले, दारातून परत लाल दिसलं, परत "बढ़िया". पाणी या खेपेला पिचकारीनं आलं नाही, लाल ओघळ होऊन आलं, आणि विनायकराव जिथे सरकून बसले होते तिथेच पोचलं. दोन्ही उस्ताद मग न्हाणीघरापुढे समोरासमोर उभे राहिले.

"सूत डाला होता तो ये नौबत नी आती," गंगाराम म्हणाले.

"सूत ने तो पेले ही बेड़ा गर्क कर दिया था," छोटेलाल म्हणाले.

बराच वेळ कुळं उद्धरून झाल्यावर दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. माल खराब आहे, अंग्रेज जाता जाता बिघडवून गेला. जन्मात पहिल्यांदा ते दोघं एकत्र चहाला गेले. छोटेलाल आपला डबाही तिथेच विसरले.

काकूंनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं, पण पदर हातात घट्ट पिळलेला होता. मी याआधी साहेबांच्या बंगल्यांत असले जोड उघडले होते आणि आत कधी सुताचा धागा बघितला नव्हता. मी म्हटलं, "काकू, मी हे कोरडंच जोडणार आहे. पटतंय का सांगा, नाही तर लोक म्हणतील पोरानं वाट लावली."

त्यांनी थोडा वेळ त्या नटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काशीला जाताना मी फिरकीचा तांब्या नेला होता. सांडायला नको म्हणून ह्यांनी झाकणाच्या आट्यांत चिंधी घातली. झाकण बसलंच नाही, सगळा बिछाना भिजला. आणि बोलणी मी खाल्ली. तू कोरडंच कर."

मी जोड सगळे खोलले. घासलेट लावून तो शेंदराचा चिखल खरवडून काढला, तोंडं लखलखीत पुसली, जुन्या कड्यांनी चावलेली टोकं कापून नव्या कड्या चढवल्या. नट आधी हातानं, मग पान्यानं, आणि कडी धरल्याचं हाताला कळलं की थांबायचं. इथेच पुष्कळ शूर लोक आणखी एक हिसका देतात आणि नळ चेपून ठेवतात. मधेच गंगाराम उस्ताद डोकावून गेले. "सूखा जोड़ रिया है? नाक कटवाएगा मेरी," एवढं बोलले आणि त्यानंतर माझ्याशी बोललेच नाहीत, अगदी शेवटपर्यंत. माणूस हट्टी होता पण पाना धरायला मला त्यांनीच शिकवलं. त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं.

नळाला दाबाचा काटा असलेला छोटा हातपंप लावून मी दाब दिला. काटा चढला आणि तिथेच राहिला. मी कोरडा कागद प्रत्येक नटाखाली फिरवला. कागद कोरडा. विनायकराव मात्र या खेपेला धोतर सावरून अंगणात उभे होते.

इन्स्पेक्टर साहेब आले, दारात थांबले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"भिया, शेंदूर कुठे आहे?"

"लावला नाही साहेब. याला लागत नाही."

"मग पास कसा करू?"

"पंपाचा काटा बघा ना."

"काट्याचं काय, काटा बिघडू शकतो. इतकी वर्षं झाली, बिनशेंदराचा जोड मी पास केलेला नाही."

मी म्हटलं, "साहेब, मागे दोन्ही वेळा शेंदूर होता, आणि दोन्ही वेळा ह्यांचं धोतर धुऊन निघालं."

"तो जोडाचा दोष. शेंदराचा कसा असेल?"

माझं डोकं फिरलं. स्वाराचा नातू शेवटी. मी विचारलं, तुम्हाला नळ तपासायचा आहे का मारुतीला नमस्कार करायचा आहे. हे बोलायला नको होतं, पण बोलून झालं होतं. साहेबांनी चावी खांद्यावर टाकली. मेहुण्याच्या लग्नाला ते मानपुरला निघाले होते. "आता परत आल्यावर बघू," म्हणाले. ते परत येईपर्यंत सरकार इंदुरात येऊन, खोल्या शोधून, फायली मांडून बसलेलं असणार होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

विनायकरावांनी मोठा सुस्कारा सोडला. समाधानाचा होता तो. "देवाच्या मनात दिसत नाही वहिनी. सामान बांधायला घ्या. टांगा मी सांगून ठेवलाय." टांगा खरंच सांगून ठेवला होता त्यांनी, सकाळीच.

काकू इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "जरा थांबा." मग छोटेलालचा राहिलेला डबा उचलला, झाकण काढलं आणि त्यात बोट बुडवलं. पहिल्या नटावर बाहेरून, अगदी मधोमध, एक गोल टिळा लावला. कड जरा वाकडी झाली ती दुसऱ्या बोटानं पुसून नीट केली. मग दुसऱ्या नटावर. मग तिसऱ्या. हात सवयीचा होता, पण बऱ्याच दिवसांत तसा फिरला नव्हता.

"वहिनी," विनायकराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "हे काय करताय? तुम्ही, आणि असं बोट..." हेही वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. त्यांना नळाची काळजी नव्हती.

काकूंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. शेवटच्या नटाची कड पुसत म्हणाल्या, "भाऊजी, लाल दिसलं की बाहेरच्याला वाटतं आत सगळं घट्ट बसलंय. माझ्या कपाळावर होतं तोवर तुम्ही तरी कधी आत वाकून बघितलंत?"

काकांबरोबरच्या त्या सगळ्या वर्षांत त्या हंडे वाहताना आम्ही सगळे पलंगाखाली वाकून तांबं बघत होतो.

इन्स्पेक्टर साहेबांनी दारातूनच नटांकडे बघितलं. लाल होतं. बाहेर जाऊन त्यांनी मुकाट्यानं कॉक उघडला. नळानं दोनदा खाकरून घेतलं आणि पाणी धो धो आलं. जोडांना थेंब नाही. साहेब परत दारात आले, बराच वेळ बघत राहिले, आणि चावी खांद्यावर टाकून मला म्हणाले, "बघितलंस भिया? मी म्हणत नव्हतो, शेंदूर लागतोच म्हणून?"

काकूंनी बोटं त्याच पाण्याखाली धरून चोळून धुतली. मग पातेलं नळाखाली लावलं आणि ते भरत असताना दिराला म्हणाल्या, "चहा टाकते भाऊजी, घेऊन निघा. टांगा सांगितलाच आहे तुम्ही, तो फुकट जायला नको."